डिस्चार्जची ५९० मिनिटं: कारखान्यातली अक्कल हॉस्पिटलात चालते का?

रबाळेकर | मंगळवार, रात्री ११:४२

वडिलांना काल घरी आणलं. तब्येत उत्तम आहे, त्यामुळे हा तक्रारीचा धागा नाही. असलाच तर कुतूहलाचा. (हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. घोडबंदर रोडवर आहे एवढं पुरे.)

मी रबाळे एमआयडीसीत सिस्टिम्सचं काम करतो. म्हणजे यंत्र मी बनवत नाही. एका यंत्रातून निघालेला माल दुसऱ्यापर्यंत का पोचत नाही, मध्येच कुठे तुंबतो, ते बघत फिरतो. बावीस वर्षं हेच चाललंय. सवय इतकी वाईट की लग्नाच्या पंगतीतही मी वाढपी मोजतो आणि बायको कोपर मारते.

तर सकाळी ८:५० ला डॉक्टर राउंडला आले, वडिलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, आज घरी." आम्ही लिफ्टने खाली उतरलो संध्याकाळी ६:४० ला. मधल्या वेळात मी फाईलच्या पाकिटाच्या पाठीवर वेळा टिपत बसलो. दुसरं करायला होतं काय?

आरएमओ, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, डिस्चार्जची समरी लिहायला बसले ११:०५ ला, २० मिनिटांत मोकळे झाले. उरलेली औषधं फार्मसीत परत करून त्याची नोंद होईस्तोवर १२:१०. बिल तयार १:२०. टीपीए डेस्कने (विम्याचे कागद बघणारं टेबल) कागद पुढे पाठवले १:५५ ला. ३:१५ ला विमा कंपनीचा उलटा प्रश्न आला: एमआरआय कशासाठी केला? उत्तर एका ओळीचं, पण त्यावर सही मोठ्या डॉक्टरांची हवी आणि ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. सही ४:३५ ला, मंजुरी ५:४० ला. मग फरकाचे पैसे, गेटपास. निघताना पाहिलं तर वडिलांच्या हाताला सलाईनची सुई तशीच. विसरले होते बहुतेक. ती काढायला सिस्टर शोधल्या.

एकूण ५९० मिनिटं. त्यात कुणीतरी वडिलांचं किंवा त्यांच्या कागदाचं प्रत्यक्ष काम करत होतं ती मिनिटं जोडली तर फार तर ८०. बाकीची ५१० मिनिटं फाईल या ना त्या टेबलावर पडून. आणि गंमत म्हणजे मला दिवसभरात एकही माणूस रिकामा बसलेला दिसला नाही. सगळे धावत होते, फक्त फाईल बसली होती.

कारखान्यात हे दिसलं असतं तर दोन महिन्यांत निम्म्यावर आणलं असतं. पण जिथे माल म्हणजे माणूस आहे, हॉस्पिटल, बँक, सरकारी कचेरी, तिथे ही विद्या चालते का? कुणी करून पाहिलंय? की माणसं मध्ये आली की सगळी गणितं बोंबलतात?

झणझणीत | मंगळवार, रात्री ११:५८

पहिला मी! पंधरा प्रतिसादांच्या आत कुणीतरी मुंबईचे डबेवाले आणणार. मामलेदारच्या मिसळीच्या एका प्लेटची पैज.

कोपरीची_सून | बुधवार, सकाळी ७:१५

सासूबाईंच्या वेळी आम्हाला सकाळी दहाला "झालंच, अर्ध्या तासात" सांगितलं होतं. मी घरी फोन करून कुकर लावायला सांगितला. तो भात रात्री फोडणीला टाकून खाल्ला.

तिसरी_पाळी | बुधवार, दुपारी ३:३०

धागा वाचून आधी राग आला. मग पुन्हा वाचला, तेव्हा गेला. सतरा वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली अकरा नवी मुंबईत. थोडं आमच्या बाजूने लिहिते.

आमच्या मजल्यावर ३६ बेड आणि सकाळी आरएमओ एक. राउंडमध्ये डॉक्टर दहा-बारा जणांच्या ऑर्डरी बदलतात. ज्याचा ताप चढलाय त्याचं इंजेक्शन आधी. ओटीला जायचंय त्याची तयारी आधी. कॅज्युअल्टीतून वर येतोय त्याची ॲडमिशन आधी. घरी जाणारा म्हणजे त्या दिवशी वॉर्डातला सगळ्यात ठणठणीत माणूस, त्याचा नंबर शेवटी. यात चूक काय ते सांगा. शिवाय सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय समरी बंद करता येत नाही आणि तो साडेदहाच्या आत येत नाही.

सुई विसरलेली नसते हो. बिलात अडकलेल्या पेशंटला दुपारी चार वाजता गरगरलं तर म्हाताऱ्या हातात शीर पुन्हा शोधत बसायची का? गेटपास डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी सुई काढत नाही.

आणि आता मुद्द्याचं. तुमच्या ८० मिनिटांत तुमचं स्वतःचं काम धरलंत का? औषधं परत करायला फार्मसीत कोण गेलं? बिलिंगला "आमची फाईल आली का" विचारायला कोण गेलं? झेरॉक्स कुणी काढली? आमच्याकडे नातेवाईक हा स्टाफच असतो. मस्टरवर नसतो, एवढंच. प्रत्येक डिपार्टमेंट आपापलं काम चोख करतं आणि दोन डिपार्टमेंटांमधली जी मोकळी जागा आहे तिथे पेशंटचा मुलगा चपला झिजवतो.

रबाळेकर | बुधवार, रात्री १०:२०

@तिसरी_पाळी, सुईबद्दल कान धरले. बावीस वर्षं लोकांना सांगतोय की आधी विचारा, मग दोष काढा, आणि स्वतः मात्र न विचारताच लिहिलं.

स्वतःचं काम धरलंच नव्हतं. आज आठवून आठवून खेपा मोजल्या. तळमजला ते पाचवा, ११ वेळा.

तुमच्या शेवटच्या वाक्याने एक गोष्ट डोक्यात आली. शेजारच्या कॉटवर मुरबाडकडचे एक गृहस्थ होते, साठीचे. त्यांनाही त्याच राउंडमध्ये "घरी" सांगितलं होतं. त्यांची समरी तर आमच्या आधी लिहून झाली होती. पण मुलगा भिवंडीला गोदामात कामावर, तो सुटल्यावर येणार होता. आम्ही निघालो तेव्हा ते कॉटवरच बसून होते, कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन.

रांगेत_राजा | गुरुवार, सकाळी ९:०५

कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे थोडी जिलबी पाडतो. सहन करा.

रांगेचं गणित मुळात टेलिफोनसाठी जन्मलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ साली त्यावर पहिला निबंध लिहिला: किती लाइनी टाकल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही. माणसांच्या सेवेपासूनच सुरुवात झाली म्हणा ना. कारखाने नंतर आले.

दवाखान्यात बसल्या बसल्या करता येण्याजोगा हिशोब हवा असेल तर जॉन लिटलचा नियम. त्याने तो १९६१ साली सिद्ध करून दाखवला. आत असलेली माणसं भागिले तासाला बाहेर पडणारी माणसं, बरोबर सरासरी थांबण्याचा वेळ. बाकड्यांवर २४ जण आहेत आणि तासाला ८ बाहेर पडतायत? तीन तास. रिसेप्शनिस्ट काहीही म्हणो.

पण रबाळेकरांच्या "सगळे धावत होते, फक्त फाईल बसली होती" या वाक्यामागचं गणित वेगळं आहे. समजा एका डॉक्टरला एका पेशंटला सरासरी ६ मिनिटं लागतात. लोक कधी येतील आणि कुणाला किती वेळ लागेल, दोन्ही पूर्ण बेभरवशी धरा. डॉक्टरचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर बाहेर सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के भरला तर ५४ मिनिटं. ९५ टक्क्यांना ११४. काम वाढलं जेमतेम, थांबणं मात्र जवळजवळ पाचपट. म्हणजे सगळ्यांना कामात गुंतवून ठेवलं की रांग वाढते, हा नियमच आहे. त्यात कुणाचा आळस नसतो.

झणझणीत | गुरुवार, सकाळी ९:३०

सर, डोकं गरगरलं, माझीही सुई काढू नका. म्हणजे डॉक्टर अधूनमधून पेपर वाचत बसलेला दिसला पाहिजे?

रांगेत_राजा | गुरुवार, सकाळी ९:४८

अगदी तसंच. अग्निशमन दल रिकामं बसलेलं दिसलं तर आपण बोंब मारतो का? आणि तीन हात नाका बघा. सकाळी अकराला आणि साडेअकराला गाड्यांत फरक कितीसा असतो? पण एका वेळेला सिग्नल एका दमात सुटतो, दुसऱ्या वेळेला तीनदा लाल बघावा लागतो.

भुलवणारा | गुरुवार, रात्री ११:१०

भूलतज्ज्ञ आहे, टोपणनाव त्यावरून. (बायकोचं मत वेगळं आहे.)

सगळी चर्चा वेळेवर चाललीय, पण या विद्येचा खरा फायदा मी रोज हाताने अनुभवतो तो सुरक्षिततेत. भुलीच्या यंत्राला मागे छोटे सिलिंडर लागतात, ऑक्सिजनचा आणि नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचा. रंग वेगळे असतात, आपल्याकडे ऑक्सिजन काळा आणि खांद्याला पांढरा, नायट्रस निळा. पण पहाटे तीनला, दिवे गेलेले असताना रंगावर कोण भरवसा ठेवणार? म्हणून यंत्राच्या जोडणीत दोन दोन खिळ्या असतात आणि सिलिंडरच्या मानेवर त्याच ठिकाणी भोकं. ऑक्सिजनची जागा २ आणि ५, नायट्रसची ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर लावायला गेलात तर तो बसतच नाही. "काळजीपूर्वक लावा" अशी पाटी नाही, मेमो नाही, ट्रेनिंग नाही. मी कितीही झोपेत असलो तरी मला ती चूक करता येत नाही.

दुसरं उदाहरण चेकलिस्टचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि पेशंट ओटीतून बाहेर न्यायच्या आधी मोठ्याने वाचायची. दिल्ली धरून आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत पडताळा घेतला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलेलं दिसलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक कागद.

शंकासुर | शुक्रवार, सकाळी ८:००

अर्धीच गोष्ट सांगितलीत डॉक्टर. कॅनडात ओंटारियो प्रांताने तीच यादी शंभरावर हॉस्पिटलांना सक्तीची केली. २०१४ मध्ये निकाल छापून आला: मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. कागद तोच होता. मग पहिल्या ठिकाणी काम कशाने केलं?

आणि मला मुळात ही "विद्या" रुग्णसेवेत आणायचीच भीती वाटते. रबाळेकर माल म्हणाले ते चेष्टेत, पण उद्या कुणी मॅनेजर स्टॉपवॉच घेऊन सिस्टरच्या मागे उभा राहील तेव्हा चेष्टा नसेल.

तिसरी_पाळी | शुक्रवार, दुपारी ४:१०

@शंकासुर, मी सांगते कागदाचं काय होतं ते. दुपारी दोननंतर फायली पूर्ण करताना सगळ्या टिका एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाने मारलेल्या असतात. मी मारल्या आहेत. जिथे सर्जन स्वतः थांबतात आणि म्हणतात "वाच, ऐकतोय", तिथे एकदा डाव्या-उजव्या गुडघ्याचा घोळ माझ्या देखत सुधारला गेलाय, चिरा घ्यायच्या आधी. कागद तोच, खरं आहे तुमचं.

स्टॉपवॉचवाला आमच्याकडे येऊन गेला. सहा दिवस होता. त्याच्या अहवालात पहिली शिफारस होती की नर्सिंग स्टेशनवर बसून लिहिण्यात वेळ जातो. दुसरी होती की नोंदी अपुऱ्या आहेत.

निळा_चष्मा | शुक्रवार, रात्री ९:२५

माणसांवर चालत नाही असं कसं म्हणता? मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. एका सर्जनला दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढणं चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार. पहिलं झालं की सर्जन नुसता वळतो. डोळ्यात बसवायचं भिंग बाहेरून महाग पडतं म्हटल्यावर १९९२ पासून भिंगं स्वतः बनवायला लागले. ज्यांना परवडत नाही त्यांची मोठ्या संख्येने फुकट ऑपरेशनं होतात, आणि परवडतात ती या शिस्तीमुळेच.

मुलुंड_चेकनाका | शुक्रवार, रात्री ९:४०

एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईचे डबेवाले बघा! डब्यावरच्या चार खुणांवर...

झणझणीत | शुक्रवार, रात्री ९:४१

बारावा प्रतिसाद!!! मिसळ कोण देतंय? लालबुंद तर्रीची पाहिजे.

शंकासुर | शनिवार, सकाळी ८:२०

@निळा_चष्मा, अरविंदबद्दल आदरच आहे. पण मोतीबिंदू म्हणजे एकाच मापाचं काम, पुन्हा पुन्हा. आधी तारीख देता येते. आमच्या कळव्याच्या डॉक्टरांकडे पावसाळ्यात एका संध्याकाळी ताप, विंचू, घसरून मोडलेलं मनगट आणि "झोप लागत नाही" असे चौघे एकामागून एक बसलेले असतात. त्या चौथ्याला किती मिनिटं द्यायची ते कुठल्या टेबलात लिहिलंय?

रांगेत_राजा | शनिवार, सकाळी १०:००

कुठल्याच नाही, आणि म्हणूनच वर म्हटलं की डॉक्टरला मोकळी मिनिटं हवीत. चौथ्यासाठी.

वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात मात्र टेबलं छान चालतात. ए काउंटरला फोटो, ठसे, कागद स्कॅन. बी ला तपासणी. सी ला मंजुरी. टोकन पडद्यावर दिसतं. तिथे लोक चिडत नाहीत, कारण आपण कुठे आहोत ते प्रत्येकाला कळतं.

कोड_आणि_कोकम | शनिवार, दुपारी १:१५

माझ्या पापाची कबुली देतो. वाशीतल्या एका दवाखान्यासाठी मी टोकनचं ॲप केलं होतं. त्याआधी तिथे वही होती. दाराच्या कडीला सुतळीने बांधलेली, पेनही सुतळीने बांधलेलं. सकाळी सातपासून येऊन नाव लिहायचं आणि घरी जायचं.

ॲप आल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं? सगळे नंबर रात्री बारा वाजून एक मिनिटाला संपायचे, कारण सोसायट्यांतली पोरं आजोबांसाठी मोबाइल घेऊन जागी राहायची. ज्यांच्या घरी असं पोर नाही ते काउंटरला येऊन उभे. रिसेप्शनच्या मॅडमना त्यांना परत पाठवायचा जीव होईना, मग त्यांनी मागच्या पानावर स्वतंत्र यादी सुरू केली. दोन रांगा, दोन्ही खऱ्या, आणि दाराशी भांडणं. चौथ्या आठवड्यात सुतळीची वही परत आली. ॲपचे स्क्रीनशॉट माझ्या बायोडेटात अजून आहेत.

नंतर अक्कल आली. ती वही म्हणजे अख्खी यंत्रणा होती. तिच्याकडे बघून कळायचं, पुढे किती आहेत, कोण आहेत. "जोशीकाकू सहाव्या आहेत म्हणजे तिथे अर्धा तास जाणार" हेसुद्धा. माझ्या ॲपमध्ये नुसता आकडा होता.

कुंदाताई_नेरुळ | शनिवार, संध्याकाळी ६:३०

माझं वय ७१. तुम्ही सगळे थांबणं म्हणजे काहीतरी रोग असल्यासारखं लिहिताय. मला दवाखान्यात थांबायला आवडतं. घरी टीव्हीशिवाय कोण बोलतं? तिथे चार बायका भेटतात, गुडघ्याला कुठलं तेल, कुणाच्या सुनेला काय झालं, सगळं कळतं. माझी थायरॉइडची गोळी मी चहाबरोबर घेत होते, ते चुकीचं आहे हे मला बाकड्यावर कळलं. डॉक्टर दोन मिनिटांत बाहेर काढतात, त्यात काय विचारणार?

पण किती वेळ ते सांगा ना! तासभर आहे म्हटलं तर मी खाली जाऊन मेथी घेऊन येईन. "बसा, होईल" म्हणतात. मग बाथरूमला जायचीसुद्धा भीती, नेमकं तेव्हाच नाव पुकारतील म्हणून.

झणझणीत | शनिवार, संध्याकाळी ६:५०

कुंदाताईंना धाग्याची सामनावीर घोषित करा.

पॉलिसी_वाचणारा | रविवार, सकाळी ११:००

एक उपयोगाची माहिती, भांडणात कामाला येईल. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसमध्ये हॉस्पिटलकडून डिस्चार्जचा अर्ज पोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या खिशातून भरायचा.

पण बघा, घड्याळ कधी सुरू होतं? हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर. रबाळेकरांचे ८:५० ते १:५५ यात येतच नाहीत. तेवढा पाच तासांचा तुकडा कुणाच्याच घड्याळात नाही.

रबाळेकर | रविवार, रात्री ९:१५

@पॉलिसी_वाचणारा, हेच! आमच्याकडेही प्रत्येक खात्याचा स्वतःचा आकडा हिरवा असतो आणि माल मात्र महिनाभर दारात उभा.

कुंदाताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. खोटं नाही.

एक ठरवलंय. मोठ्या हॉस्पिटलात मला कोण विचारतो? पण नौपाड्यात आमचे फॅमिली डॉक्टर आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना विचारतो, चार संध्याकाळी कोपऱ्यात बसू द्याल का म्हणून. बघू.

(यानंतर सुमारे महिनाभर धाग्यावर शांतता. मध्ये एकदा मुलुंड_चेकनाका आणि झणझणीत यांच्यात मिसळीच्या तारखेवरून सात प्रतिसाद. ते वाचणाऱ्याने वगळले तरी चालतील.)

रबाळेकर | रविवार, दुपारी ४:००

धागा वर काढतोय. बसलो चार संध्याकाळी. ६ ते ९:३० ची वेळ.

चार दिवसांत १६३ पेशंट. त्यातले ५१ "फक्त रिपोर्ट दाखवायचाय", "फक्त गोळ्या लिहून हव्यात", "फक्त शाळेचं सर्टिफिकेट" या जातीचे. सरासरी दोन मिनिटं. बाकीच्यांना सरासरी सात. गुणाकार करा: दिवसाला २८ जण सात मिनिटांचे आणि तेरा जण दोन मिनिटांचे, म्हणजे २२२ मिनिटं. दवाखाना उघडा २१० मिनिटं. रांगेत_राजा सरांचे ९५ टक्के सोडाच, शंभराच्या वर. साडेनऊला बंद होणारा दवाखाना रोज दहाला का बंद होतो, याचं डॉक्टरांना तीस वर्षं कोडं होतं.

पण आकड्यापेक्षा दार बघण्यासारखं होतं. फक्तवाले दाराच्या फटीत उभे असतात. पेशंट बाहेर पडला की पुढचा उठेपर्यंत हे आत. कधी पेशंट बोलत असतानाच दार दोन इंच उघडतं, एक पाकीट आत येतं, त्यामागे हात. आत बसलेल्या बाईंनी नुकतं "डॉक्टर, अजून एक सांगायचं होतं" म्हटलेलं असतं. दार उघडलं की त्या गप्प होतात. तीनदा पाहिलं.

मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, फक्तवाल्यांना ६ ते ६:३०. दोन, बाकीच्यांना ठरलेल्या वेळा. दुसरी डॉक्टरांनी ऐकूनच घेतली नाही. "ताप विचारून येत नाही." पहिली मान्य झाली. दोन आठवड्यांत सरासरी थांबणं ७० मिनिटांवरून ४५ वर आलं. मी घरी पेढे आणायच्या बेतात.

तिसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ रात्री आठला रिपोर्ट घेऊन आले. कंपाउंडरमामांनी माझ्या नियमावर बोट ठेवून "उद्या सहाला या" सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो कागद पाहिला. पोटॅशियम ६.४, म्हणजे धोक्याचं. थेट ॲडमिट करायला लावलं. ते आता बरे आहेत, पण त्या रात्री झोपेत काही झालं असतं तर तो नियम कुणाचा होता? मी लोकांचे दोन ढीग केले, लांब काम आणि छोटं काम. छोटं काम तातडीचं असू शकतं हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

उपाय मी काढला नाही, मामांनी काढला. टेबलावर एक स्टीलचा ट्रे ठेवला. रिपोर्ट कधीही आला तरी घ्यायचा, ट्रेमध्ये टाकायचा, माणूस बाहेरच. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये वरून नजर टाकतात. काही दिसलं तर लगेच आत बोलावतात, नाहीतर सहाची वेळ. दार उघडत नाही. थांबणं पुन्हा थोडं वाढलंय, ५० च्या आसपास. राहू दे.

भुलवणारा | रविवार, संध्याकाळी ५:२०

मामांना भूलतज्ज्ञांतर्फे सलाम. चुकीचा सिलिंडर बसणार नाही अशी जागा केली त्यांनी.

रांगेत_राजा | रविवार, संध्याकाळी ५:४५

डॉक्टरांना पुन्हा वेळा सुचवायच्या झाल्या तर एक जुनी युक्ती सांगा. नॉर्मन बेली नावाच्या संशोधकाने १९५२ मध्येच इंग्लंडच्या ओपीडीचा अभ्यास करून मांडली होती. सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा, बाकीच्यांना एका तपासणीइतक्या अंतराने. डॉक्टर रिकामा बसत नाही आणि बाहेर गर्दीही फार होत नाही. आणि तापासाठी प्रत्येक तासात दोन जागा मोकळ्या ठेवा.

तिसरी_पाळी | रविवार, रात्री ११:५०

रात्रपाळीला आहे, सध्या शांत आहे म्हणून लिहिते. (शांत म्हणू नये, लगेच बेल वाजते.)

या धाग्यावरून आम्हीही एक करून पाहिलं. संध्याकाळच्या राउंडलाच डॉक्टरांना विचारायचं, उद्या कोण घरी? त्यांच्या समरीचा मजकूर रात्रपाळीच्या आरएमओने तयार ठेवायचा, सकाळी फक्त रिपोर्टचा आकडा भरायचा. तीन आठवडे मस्त चाललं. पेशंट जेवणाच्या आत घरी. मग ते आरएमओ पुढच्या शिक्षणाला गेले. नवे म्हणाले, "मी जो पेशंट बघितला नाही त्याची समरी लिहिणार नाही." चूक म्हणता येत नाही. त्यामुळे सध्या बंद आहे. इन्चार्ज सिस्टर पुन्हा बोलणार आहेत.

कुंदाताई_नेरुळ | सोमवार, सकाळी ८:१०

ट्रे आवडला. आमच्या डॉक्टरांना सांगते. पण रबाळेकर, त्या मुरबाडच्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत.

रबाळेकर | सोमवार, सकाळी ८:४०

माहीत नाही ताई. महिनाभर तेच डोक्यात आहे. मी ११ वेळा खाली-वर केलं. त्यातल्या एका खेपेला त्यांचेही कागद बिलिंगला देता आले असते, जातच होतो. सुचलं नाही.

तिसरी_पाळी | सोमवार, सकाळी ९:०५

देता आले नसते. दुसऱ्या पेशंटची फाईल आम्ही कुणाच्याही नातेवाइकाच्या हातात देत नाही. ती वॉर्डातल्या मामानेच, म्हणजे वॉर्डबॉयनेच न्यायची असते. त्या मजल्यावर मामा किती होते?

रबाळेकर | सोमवार, सकाळी ९:१२

एक.